पवित्र म्हणजे गाळणी

‘पवित्र’ हा शब्द आज आपण देवळाला, नदीला, नात्याला लावतो. ऋग्वेदात मात्र ती एक वापरायची वस्तू आहे: मेंढीच्या लोकरीची गाळणी. सोमवल्ली दगडांनी कुटायची, रस लोकरीवर ओतायचा. चोथा वर, रस खाली. नववं मंडल, ११४ सूक्तांचं, अशा गाळल्या जाणाऱ्या सोमालाच वाहिलेलं आहे. ‘पू’ म्हणजे साफ करणं आणि ‘त्र’ हा पात्र, शस्त्र यांतला साधनाचा प्रत्यय. पुढं दर्भाच्या अंगठीलाही हेच नाव मिळालं.

इतरत्रही शुद्धतेचे शब्द असेच कामधंद्यातले दिसतात. हिब्रू ‘ताहोर’ खाण्यास चालणाऱ्या प्राण्याला आणि भेसळ नसलेल्या सोन्यालाही लागतो. ग्रीक ‘कथारोस’ निवळ पाण्याला, तसाच पाखडलेल्या धान्याला.

गाळणी कापडाचीही होते, आणि १९०४ पासून यंत्रमाग चालवणाऱ्या इचलकरंजीला उभ्या-आडव्या धाग्यांतली जाळी वेगळी समजवावी लागत नाही. त्या जाळीची ताकद सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांच्या गटानं बांगलादेशात तपासली. जुनी सुती साडी किमान चारपदरी करून पाणी गाळलं, तर पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं घटलं; निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन धागे पिंजारतात आणि पदर मिळून भोकं सुमारे २० मायक्रॉनवर येतात. पटकीचे जंतू त्याहून खूप बारीक, पण ते पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि हे प्राणी कापडात अडकतात.

काविळीपुढं मात्र कापड हरतं. २०१२ ची साथ इचलकरंजी विसरलेली नाही. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा, हिपॅटायटिस ई चा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटरचा. साडीचं भोक त्याच्या सहाशेपटीहून मोठं. शिवाय तो कशाला चिकटून येईलच असं नाही. तिथं उकळणं किंवा क्लोरीनच हवं, आणि क्लोरीनलाही अर्धा तास द्यावा लागतो.

इचलकरंजीजवळून वाहणारी पंचगंगा पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. तिथं भाविक श्रद्धेनं बुडी मारतात आणि वरच्या अंगाला शहरांचं सांडपाणी त्याच नदीत येतं. नदीला पवित्र म्हणताना गाळायचं काम आपण तिच्यावरच टाकलं, हे मला फार खुपतं. ते काम सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं आहे आणि ते पुरतं झालं पाहिजे.

घरच्या नळाची खात्री करणं तर सोपं आहे. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीच्या नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळी छटा आली, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर ते पाणी उकळूनच प्यावं आणि पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी कळवावं.