आधी ठोकळा, मग यंत्र

हातात धरायचं यंत्र घडवताना साधारण रीत अशी: चिप, पडदा, बॅटरी ठरवायची आणि हे सगळं मावेल एवढं खोकं वर चढवायचं. कॅलिफोर्नियातल्या पाम कंप्युटिंग कंपनीच्या जेफ हॉकिन्स यांनी ही रीत उलटी केली. त्यांनी आधी खोक्याचं माप ठरवलं.

१९९३ साली ॲपलचा न्यूटन मेसेजपॅड आला, आणि ज्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पामचा हात होता तो झूमरही. दोन्ही अवजड. पुढच्या यंत्राच्या वेळी हॉकिन्स यांनी आपल्या गॅरेजमध्ये शर्टाच्या खिशात जाईल असा लाकडी ठोकळा कापला, त्यावर पडद्याच्या चित्राचा कागद लावला आणि लेखणी म्हणून चॉपस्टिकचा तुकडा घेतला. हा ठोकळा ते बरोबर बाळगत. भेट ठरवायची असली की तो काढायचा, टॅप केल्यासारखं करायचं आणि परत खिशात टाकायचा. भर बैठकीत लाकडावर लिहिणारा माणूस कसा दिसत असेल ते असो. पण ही सोंगाची तालीम फुकट नव्हती. खिशातून पटकन निघतं का, हातात बसतं का, दिवसातून कितीदा लागतं आणि कशासाठी, हे कागदावरच्या आराखड्यात कळत नाही.

१९९६ मध्ये हे यंत्र ‘पायलट’ नावाने बाजारात आलं ते सुमारे १२ सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि १६० ग्रॅमच्या आसपास वजनाचं. बाकीचे निर्णय या मापाच्या मागोमाग आले. एवढ्या जागेत बारीक पेन्सिल सेल दोनच बसणार. ते काही आठवडे पुरवायचे तर पडदा कृष्णधवल, मागे दिवा नाही, आणि चिप बेताची, १६ मेगाहर्ट्झची. अशा चिपला प्रत्येकाचं गिचमिड अक्षर लावायला सांगण्यात अर्थ नव्हता. न्यूटन त्याच पायी चेष्टेचा विषय झाला होता.

म्हणून आली ग्राफिटी ही लिपी. मला या यंत्रातला सर्वांत हुशार भाग हाच वाटतो. इंग्रजी मुळाक्षरं जवळपास सगळी एका फटक्यात लिहायची: ‘ए’ म्हणजे आडवी रेघ नसलेला तंबू. लेखणी उचलली की अक्षर संपलं, त्यामुळे एक अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे यंत्राला ओळखत बसावं लागत नाही. लिहिण्याची जागा पडद्याखाली वेगळी. तिथे अक्षरं एकापुढे एक लिहायची नसतात. पाटीवर गिरवल्यासारखी त्याच जागी एकावर एक काढायची. त्यामुळे चिमुकल्या जागेतही कितीही लांब शब्द लिहिता येतो आणि वर उमटणारा मजकूर हाताआड जात नाही. शिवाय डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. एक उभी रेघ डावीकडे ‘आय’, उजवीकडे एक. माणसाला थोडं शिकावं लागतं, पण यंत्राने शिकायचं की माणसाने, हा हिशेब इथे चोख आहे.

पडद्यावरच्या बटणांचा हिशेबही असाच. पामच्या रॉब हैतानी यांनी मांडणी करताना टॅप मोजले. नोंदी आपण घालतो जास्त आणि पुसतो कमी. म्हणून ‘नवीन’चं बटण समोर, पुसण्याची सोय मेन्यूत. तळाला रोजनिशी, पत्ते, कामं आणि टिपणं यांची चार खरी बटणं. यंत्र बंद असतानाही रोजनिशीचं दाबलं की आजचा दिवस समोर.

एक गोष्ट मात्र या मापातून सुटली नाही: लेखणीला दोन हात लागतात. हॉकिन्स यांच्याच पुढच्या कंपनीने, हँडस्प्रिंगने, २००३ मध्ये ट्रिओ ६०० हा फोन काढला तेव्हा ग्राफिटीची जागा गेलेली होती. तिथे अंगठ्यांनी दाबायचा कीबोर्ड आणि त्याच्या वर चारी दिशांना दबणारं, मधोमध पसंतीचा ठोका घेणारं बटण होतं. दुसरा हात मोकळा ठेवून पत्ता शोधून फोन लावता यावा, यासाठी.