सज्जांतलीं फुलें आणि सोबतीचा कुत्रा

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर नवी मुंबई वसूं लागली. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील बहुतेक बिऱ्हाडांना अंगण नाहीं. सज्जा आहे, फार तर गच्चीचा एखादा कोपरा. तेवढ्यांतच मंडळी हौसेनें फुलझाडें लावतात, आणि पुष्कळदां त्याच घरांत कुत्राही पाळलेला असतो. दोन्ही हौशी चांगल्या. मात्र त्या एकमेकींच्या आड येऊं शकतात, म्हणून आज दोहोंविषयीं एकत्रच बोलावयाचें योजिलें आहे.

खाडीवरून येणारा खारा वारा, मे महिन्याचें ऊन आणि पाठोपाठ चार महिन्यांचा पाऊस, हें सारें निमूटपणें सोसणाऱ्या झाडांत पहिला मान बोगनवेलीचा. ही मूळची ब्राझीलची. १७६७ सालीं कॉमर्सों नांवाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञास ती रिओ द जानेरो येथें आढळली, आणि त्याच्या सफरीचा नायक जो बूगँव्हील, त्याचें नांव तिला मिळालें. आपण जिला फुलें म्हणतों तीं वस्तुतः रंगीत पानें होत; खरें फूल त्यांच्या मधोमध इवलेंसें, पांढुरकें असतें. या वेलीचे लाड केलेले तिला मानवत नाहींत. पावसाळा संपला कीं कुंडींतील माती वरून चांगली वाळूं द्यावी व मगच पाणी घालावें. रोज पाणी घातलें तर पानें भरघोस येतात, आणि रंगाची वाट पाहत बसावें लागतें.

जास्वंदीचें तसें नाहीं. तिला पाणीही हवें आणि ऊनही हवें. तिचें फूल बहुधा एका दिवसाचें. परंतु तें नव्या फुटीवर येत असल्यामुळें, वेळच्या वेळीं छाटणी करणाऱ्याच्या देवघरांत फुलांचा तोटा पडत नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी मातींत खोंचली तरी ती मूळ धरते. पिठ्या ढेकूण मात्र तिचा पिच्छा सोडीत नाहीं; पांढरा कापूस दिसतांच साबणाच्या सौम्य पाण्यानें फांदी धुवून काढावी. मोगरा आणि कर्दळ हींही तितकींच सोपीं. या चारांपैकीं एखादें पान कुत्र्यानें चघळलें, तर सहसा पोट बिघडण्यापलीकडे कांहीं होत नाहीं. बोगनवेलीचे कांटे तेवढे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊं देऊं नयेत.

आतां कण्हेरीविषयीं. ही महामार्गांच्या दुभाजकांत पुष्कळ ठिकाणीं लावलेली दिसते, कारण ती पाण्यावांचून तगते आणि गुरें तिला तोंड लावीत नाहींत. गुरांना जें कळतें तें कुत्र्याच्या पिल्लाला कळतेंच असें नाहीं. तांबडी, पांढरी आणि पिवळी, तिन्ही कण्हेरी विषारी; पान, फूल, बी, चीक, सारेंच विषारी. वाळलेल्या पानांतही विष राहतें. तें थेट हृदयावर परिणाम करतें. लाळ, ओकारी, मंद वा अडखळणारी नाडी, असा क्रम बहुधा दिसतो. घरांत झाड नसलें तरी पूजेच्या फुलांतून कण्हेर येते, आणि निर्माल्याची परडी जमिनीवरच ठेवलेली असते! ती उंचावर ठेवावी. सदाफुली ही मादागास्करची. तिच्यांतून निघालेलीं द्रव्यें रक्ताच्या कर्करोगावर औषध म्हणून वापरलीं जातात. पण त्याच कारणानें ती खाण्याची वस्तु नव्हे. तिची कुंडी कठड्यावर घट्ट बसवावी.

याहून फसवें आहे तें खत. एरंडीच्या पेंडींत रिसिन नांवाचें जहाल विष असूं शकतें, आणि तिचा वास कुत्र्याला खाद्यासारखा वाटतो. हाडांचा चुरा मिसळला असेल तर मग विचारावयासच नको. अशा घरांत शेणखत किंवा गांडूळखत घ्यावें. कुत्र्यानें कांहीं खाल्ल्याचा संशय येतांच घरगुती उपाय करीत बसूं नये. त्या झाडाची डहाळी किंवा खताचें पुडकें बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्य गांठावा.

फेरफटक्याची वेळ घड्याळापेक्षां एखादी कुंडीच अधिक चांगली सांगते. चिनी गुलाब ऊन चढल्यावर पुरता उमलतो. तो उमलला कीं उन्हाळ्यांत डांबरी रस्ता पंजांना पोळूं लागला असें समजावें. शंका वाटल्यास हाताची पाठ रस्त्यावर टेकून पाहावी. चार-पांच सेकंद धरवली नाहीं तर माघारीं फिरावें. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग निववितो, आणि आपल्या दमट हवेंत तो उपाय अपुरा पडतो. सायंकाळीं गुलबक्षी फुलल्यानंतर निघणें उत्तम, मात्र तिच्या काळ्या बियाही त्याला खाऊं देऊं नयेत.

समाधानी कुत्रा किती मैल चालला यावर ओळखूं नये. त्याला खांबाखांबापाशीं हुंगूं द्यावें. आपण वर्तमानपत्र वाचतों तसें त्याचें तें वाचन आहे, आणि तें पुरतें झालें कीं तो घरीं येऊन निवांत पडतो. ठाणे खाडी २०२२ सालीं रामसरच्या पाणथळ यादींत आली. खाडीकांठीं रोहित पक्षी उतरलेले असतां पट्टा हातांतून सोडूं नये. पावसाळ्यांत सांचलेल्या पाण्यापासून लेप्टोस्पायरोसिसचें भय असतें, तेव्हां त्याची लस टोंचून घ्यावी. आणि घरीं परततांच पंजे धुवून, बोटांच्या बेचक्यांत व कानांमागें गोचीड आहे कीं काय हें उजेडांत पाहावें.