झोपेतून जागा झालेला संगणक आणि पडद्यावरचे बिघडलेले रंग

काही काळ वापर झाला नाही की वीज वाचवण्यासाठी संगणक ‘स्लीप’ अवस्थेत जातो, आणि त्यातून जागा झाल्यावर पडद्यावरची छायाचित्रे कधी निळसर, कधी पिवळट, तर कधी फिकट दिसू लागतात. अशा वेळी मॉनिटर जुना झाला, असे समजून त्याची बटणे दाबत रंग जुळवण्याचा खटाटोप केला जातो. परंतु पुष्कळदा मॉनिटर ठणठणीत असतो आणि त्याच्यासाठी संगणकात ठेवलेली रंगांची नोंद तेवढी जागे होताना लागू व्हायची राहून गेलेली असते.

या नोंदीला ‘कलर प्रोफाइल’ म्हणतात. एकच लाल रंग दोन मॉनिटरवर हुबेहूब सारखा दिसत नाही, म्हणून विशिष्ट मॉनिटर कोणत्या आकड्याला प्रत्यक्षात कोणता रंग दाखवतो, हे मोजून ते एका छोट्या फाइलमध्ये नोंदवले जाते. १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम या संस्थेने या फाइलचा सर्वमान्य आराखडा ठरवला, त्यामुळे ती आयसीसी प्रोफाइल या नावानेही ओळखली जाते.

कॅलिब्रेशन करून, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून व जुळवून, तयार केलेल्या या फाइलचे सहसा दोन भाग असतात. पहिल्या भागात दुरुस्तीचे तक्ते असतात; लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी सर्वसाधारणपणे प्रत्येकी २५६ पायऱ्यांचे हे तक्ते ग्राफिक्स कार्डात भरले जातात आणि पडद्याकडे जाणारे संपूर्ण चित्र त्यांतून गाळून पुढे जाते. दुसऱ्या भागात मॉनिटरच्या रंगक्षमतेचे वर्णन असते, आणि ते फोटोशॉपसारखे रंगांची काटेकोर दखल घेणारे प्रोग्रामच वाचतात.

स्लीपमध्ये मेमरीचा वीजपुरवठा चालू राहतो, पण ग्राफिक्स कार्डाचा बहुधा बंद होतो, आणि त्यातले तक्ते पुसले जातात. जागे होताना ते पुन्हा भरणे ही ऑपरेटिंग सिस्टिमची किंवा त्यासाठी बसवलेल्या ‘प्रोफाइल लोडर’ची जबाबदारी असते; ते भरले गेले नाहीत, किंवा भरल्यानंतर ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरने ते पुन्हा कोरे केले, तर सगळ्या पडद्याचा रंग पालटतो. याखेरीज, मॉनिटर स्वतःची ओळख ‘ईडीआयडी’ नावाच्या माहितीतून संगणकाला देत असतो. जागे होताना ही ओळख नीट पटली नाही, तर त्याच्या वाट्याला भलतीच प्रोफाइल येऊ शकते.

यांपैकी नेमके काय घडले, हे ओळखणे अवघड नाही. डेस्कटॉप आणि मेनू यांच्यासह सारेच बदललेले दिसत असेल, तर दुरुस्तीचे तक्ते गेले असण्याची शक्यता मोठी. केवळ छायाचित्रांच्या प्रोग्राममध्ये रंग चुकत असतील, तर नेमलेली प्रोफाइल बदललेली असावी. पडद्याचा स्क्रीनशॉट मात्र येथे पुरावा ठरत नाही, कारण तो चित्र तक्त्यांतून जाण्यापूर्वीच टिपला जातो आणि दुसऱ्या उपकरणावर निर्दोष दिसतो. काळा रंग करडा आणि पांढरा मळकट दिसत असेल, तर एचडीएमआय जोडणीने ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ ही मर्यादित श्रेणी निवडली आहे का, ते ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये पाहावे. प्रोफाइलशी त्याचा संबंध नाही.

उपाय क्रमाने करावेत. रात्री पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ची सोय आधी बंद करावी. त्यानंतर विंडोजमधील ‘कलर मॅनेजमेंट’ उघडून योग्य मॉनिटरसमोर योग्य प्रोफाइल नेमलेली आहे ना, हे तपासावे आणि तिथल्याच ‘ॲडव्हान्स्ड’ भागातून सिस्टिमच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन विंडोजचे डिस्प्ले कॅलिब्रेशन वापरण्याचा पर्याय चालू करावा. कॅलिब्रेशन यंत्रासोबत आलेला स्वतंत्र लोडर वापरात असेल, तर हा पर्याय बंदच ठेवावा, कारण दोघांनी एकाच तक्त्यावर हक्क सांगितल्यास गोंधळ वाढतो. एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन केल्यानेही अनेकदा तक्ते परत भरले जातात. हा दोष वारंवार उद्भवत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा.

मॉनिटरच्या बटणांना मात्र शेवटपर्यंत हात लावू नये. प्रोफाइल ही ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि रंग यांच्या ठरावीक सेटिंगवरच मोजलेली असते. ती सेटिंग हलवली की चांगली प्रोफाइलही निरुपयोगी होते आणि सगळे मोजमाप नव्याने करावे लागते.