युगांतील सावन दिवसांची संख्या व तिचें अपवर्तन

ज्योतिषाच्या पोथ्या संग्राहकांच्या हातीं येतात त्या बहुधा आद्यन्त गळालेल्या. कर्त्याचें नांव नाहीं, शक नाहीं. वेष्टनावर मात्र कोणीं तरी ‘सूर्यसिद्धान्त’ असें लिहून ठेविलेलें असतें. अशा वेळीं ग्रंथ कोणत्या पक्षाचा हें ठरविण्यास एक मोठी संख्या उपयोगीं पडते. तिचें विवरण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

महायुगाचीं सौर वर्षें ४३,२०,०००. त्यांतील सावन दिवस सांप्रतच्या सूर्यसिद्धान्तांत १,५७,७९,१७,८२८ आहेत व आर्यभटीयाच्या मानानें १,५७,७९,१७,५००. अंतर अवघें ३२८ दिवसांचें. वर्षमानांत तें सुमारें १६ विपळें भरतें. इतक्यासाठीं कोण अडून बसतो, असें वाटेल. परंतु येथें संख्येचा आकार पाहावयाचा नसून तिचे अवयव पाहावयाचे आहेत.

४३,२०,००० ही संख्या २, ३ व ५ यांच्याच गुणाकारानें झाली आहे. आर्यभटाच्या दिवसांस व या वर्षांस ७,५०० नें निःशेष भाग जातो, आणि ५७६ वर्षांत २,१०,३८९ दिवस असें सुटसुटीत प्रमाण निघतें. कुट्टकांत अशा अंकांस ‘दृढ’ म्हणतात. सूर्यसिद्धान्ताच्या संख्येस मात्र ४ नेंच अपवर्तन होतें. उरलेली ३९,४४,७९,४५७ ही विषम आहे. तिच्या अंकांची बेरीज ५२, म्हणून तीस ३ नें भाग जात नाहीं. शेवटीं ७ असल्यामुळें ५ नेंहि नाहीं. अर्थात् १०,८०,००० वर्षें लोटल्यावांचून दिवस पुरे येत नाहींत. २८ दिवस कमी धरले म्हणजे १,५७,७९,१७,८०० होतात. त्यांस ५,४०० नें भाग जाऊन ८०० वर्षांत २,९२,२०७ दिवस येतात. ब्रह्मगुप्तानें खंडखाद्यकांत (शके ५८७) मध्यम रवि साधण्यास हेच दोन अंक घेतले आहेत. करणकारास लहान भाजक हवा असतो, हें उघड आहे.

म्हणून त्रुटित पानावर ५७६ व २,१०,३८९ हे अंक जोडीनें आढळल्यास वेष्टनावरील नांवावर विसंबूं नये. तें गणित आर्यपक्षाचें आहे. यावरून पक्ष तेवढा कळतो, कर्ता किंवा काल नव्हे. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथांत निरनिराळ्या पक्षांचीं वर्षमानें दिलीं आहेत, तींहि जवळ असावींत.

लेखकप्रमादाविषयीं एक सूचना. भूतसंख्येंत पहिला शब्द एकंस्थानाचा असतो. ‘तिथि’ मात्र एकटाच दोन स्थानें अडवितो, व तेथें नवखा वाचक चुकतो. १ चा ९ वाचला गेला तर नवांच्या शेषानें चूक पकडतां येते, पण अंकांची अदलाबदल झाली तर येत नाहीं. त्यासाठीं त्याच ग्रंथांतील नक्षत्रभ्रमणांची संख्या घ्यावी. सूर्यसिद्धान्तांत ती १,५८,२२,३७,८२८ आहे. तींतून सूर्याचे ४३,२०,००० भगण वजा केले असतां सावन दिवस तंतोतंत मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास पाठ दुरुस्त करूं नये. पोथींतील अंक जसाचा तसा उतरून घेऊन शेजारीं अंतर नोंदवावें.