धर्मगुरू नसलेली मंडळी

१७९६ साली मुंबईत दोन लहान समाजांची प्रार्थनास्थळे उभी राहिली. फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, याकोब पेट्रस या आर्मेनियन व्यापाऱ्याने सेंट पीटर्स चर्च बांधले. मशीद बंदर परिसरात सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले. दोन्ही समाजांची धर्मपीठे दूरदेशी होती आणि दोघांपुढे प्रश्न एकच होता: कायमचा धर्मगुरू नसेल, तर धर्म चालवायचा कसा? दोघांनी त्याची उत्तरे वेगवेगळी शोधली. आज मुंबईत आर्मेनियन कुटुंबे जवळपास उरलेली नाहीत आणि त्यांच्या चर्चमध्ये सिरियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासना करतात. बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तरीही मुंबई, ठाणे, अलिबाग, पेण इथे त्यांची प्रार्थना चालू आहे.

ही तुलना अगदी सारखी नाही, हे आधीच मान्य करायला हवे. बेने इस्रायल कोकणात शतकानुशतके रुजलेले होते. आर्मेनियन मात्र प्रामुख्याने व्यापारी. व्यापार जिकडे वळे तिकडे त्यांची घरे जात. संख्येचा फरक मोठा होताच. पण संख्या घटल्यावर हाती काय उरते, हे केवळ संख्येवर ठरत नाही.

आर्मेनियन चर्चमध्ये धर्मगुरूवाचून नेमके काय अडते, ते प्रथम पाहू. 'पतराग', म्हणजे भाकर व द्राक्षरसाचा पवित्र विधी, दीक्षित धर्मगुरूच करू शकतो. बाप्तिस्माही त्याच्याच हातून होतो, आणि त्याच वेळी बालकाला 'म्यूरोन' नावाचे पवित्र तेल लावतात. ऑलिव्हच्या तेलात अनेक फुले व वनस्पती घालून केलेले हे तेल आर्मेनियातील एचमियाझिन इथे सर्वोच्च धर्माधिकारी, म्हणजे कॅथोलिकोस, साधारणपणे दर सात वर्षांनी आशीर्वादित करतात. नव्या तेलात जुन्यातले थोडे मिसळण्याची रीत आहे, त्यामुळे परंपरेचा धागा तुटत नाही. म्हणजे मुंबईत एखादे मूल जन्मले, तर त्याच्या कपाळापर्यंत हे तेल पोहोचायला एचमियाझिनशी बांधलेला माणूस लागतो. नाताळ आणि ईस्टरनंतर घरोघरी जाऊन भाकर, पाणी व मीठ यांवर आशीर्वाद देण्याचे कामही धर्मगुरूचेच. मात्र नित्याच्या प्रार्थना, स्तोत्रगायन आणि वाचन ही कामे शिकलेला गायक किंवा सेवक करू शकतो. मंडळी टिकवण्याची खरी जागा इथे आहे.

भारतातल्या आर्मेनियनांना जुन्या काळी धर्मगुरू मिळत ते इराणातील इस्फहानजवळच्या नव्या जुल्फातून. शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या आरंभी वसवलेली ही व्यापाऱ्यांची वसाहत होती. तिथल्या मठातून धर्मगुरू काही वर्षांच्या मुदतीवर सुरत, चेन्नई, कोलकाता इथे येत. मुदत संपली की दुसरा येई. भरभराटीच्या काळात ही रीत उत्तम चालली. चेन्नईत हारुत्युन श्मावोन्यान या धर्मगुरूने १७९४ साली 'आझदारार' हे आर्मेनियन भाषेतले जगातील पहिले नियतकालिक काढले. तिथल्या १७७२ च्या चर्चच्या आवारातच त्याची समाधी आहे. पण ही सारी व्यवस्था वसाहतीतल्या धनिकांच्या जोरावर होती. व्यापार आटला तसे धर्मगुरू पाठवणारे आणि बोलावणारे दोघेही कमी झाले.

आज या सगळ्यांचा आधार आहे तो कोलकाता. तिथले नाझरेथ चर्च १७२४ चे. १८२१ मध्ये स्थापन झालेली आर्मेनियन शाळा अजून चालू आहे. आर्मेनिया, इराण, इराक इथून आलेली मुले तिथे शिकतात आणि चर्चमध्ये गातात. कोलकात्याचे धर्मगुरू चिन्सुरासारख्या जुन्या वसाहतींत सणाच्या निमित्ताने जातात, प्रसंगी चेन्नईलाही. चर्चच्या मालमत्तेचे उत्पन्न दुरुस्तीला आणि राखणदारांच्या पगाराला कामी येते. त्यामुळे इमारती नीट आहेत. ढाक्याचे १७८१ चे चर्च आजही पाहता येते. मात्र तिथला शेवटचा रहिवासी आर्मेनियन २०१४ मध्ये शहर सोडून गेला. इमारत आणि मंडळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ढाक्याइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

आता कोकणाकडे वळू. बेने इस्रायलांकडे रब्बी नव्हते, धर्मग्रंथही नव्हते. होते ते घरातले आचार: शनिवारी घाणा बंद ठेवणे, ज्यावरून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'शमा' ही प्रार्थना. परंपरा सांगते की कोचीनहून आलेल्या दाविद राहाबी यांनी त्यांना धर्म शिकवला आणि झिरादकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतल्या तरुणांना तयार केले. हे 'काजी' गावोगाव फिरत, लग्न लावत, सुंता करत, भांडणे मिटवत. राहाबींच्या काळाबद्दल मतभेद आहेत. पण पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे: बाहेरच्या विद्वानाने स्वतः विधी करत न बसता स्थानिक माणसे घडवली. पुढे भाषाही मराठी झाली; १८४६ साली वल्हांडणाचे प्रार्थनापुस्तक 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत छापले गेले. आईने घरात पाळायचे आणि वडिलांनी मराठीत वाचायचे, अशी विभागणी असलेल्या धर्माला धर्मगुरूची वाट पाहावी लागत नाही.

यवतमाळच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. १९५३ मध्ये युनियन बायबल सेमिनरी यवतमाळला सुरू झाली. वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांची ही सामाईक संस्था तीस वर्षे इथे राहिली आणि १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी पाळक घडवण्याची शाळा असणे याचा अर्थ एवढाच, की माणसे बाहेरून आणण्यापेक्षा जवळच तयार करावीत हे कुणाला तरी उमगले होते. खेड्यांत विखुरलेल्या मंडळ्यांपैकी प्रत्येकीला स्वतंत्र पाळक परवडत नाही. अशा मंडळीत पाळक यायचा नसेल त्या रविवारी गावातलाच कुणी वडीलधारा शास्त्रवाचन करतो, 'उपासना संगीता'तले रेव्हरंड टिळकांचे एखादे गीत सगळे मिळून म्हणतात, आणि उपासना पार पडते. प्रभुभोजनासाठी मात्र पाळकाची वाट पाहिली जाते.

आर्मेनियन परंपरेला हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. तिथे पतराग हाच उपासनेचा गाभा आहे आणि तो धर्मगुरूखेरीज होत नाही. तरीही लहान मंडळीला आधार द्यायचा तर काय करावे, याचा बोध तिघांकडून मिळतो. धर्मगुरूच्या भेटीच्या तारखा वर्षाआधी ठरलेल्या असाव्यात, म्हणजे बाप्तिस्मे आणि विवाह त्याभोवती बेतता येतात. दोन भेटींच्या मध्ये प्रार्थना चालवणारा एक तरी माणस गावात शिकवून तयार असावा. प्रार्थनेचा अर्थ घरातल्या भाषेत छापलेला असावा. आणि इमारतीच्या उत्पन्नातला काही भाग भिंतींऐवजी या शिकवणीवर खर्च व्हावा. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. गळणारे छप्पर सगळ्यांना दिसते. स्तोत्र विसरत चाललेले मूल पटकन कुणाच्या नजरेत येत नाही.