रुसलेले रिव्हॉल्व्हर

सॅम्युअल कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची हुबेहूब नक्कल इटलीत १९५९ पासून होऊ लागली. अशी एखादी जुनी नक्कल शौकिनाच्या हाती येते, तेव्हा पुष्कळदा तिचे चक्र फिरत नाही व नळीची पाचर निघत नाही.

दोष काळ्या दारूचा. सोरा, कोळसा व गंधक जळाले, की निम्म्याहून अधिक वजनाचा साका मागे उरतो. तो ओल धरतो आणि गंज चढतो.

हातोडी उचलण्यापूर्वी आत दारू नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. २००८ साली व्हर्जिनियात यादवीकालीन तोफगोळा साफ करताना एका संग्राहकाचा बळी गेला! मग सांध्यांत पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे. पाचर लाकडाने हलकेच ठोकावी.

मात्र प्रत्येक बारानंतर कढत साबणपाणी, कोरडे फडके व तेल लाभते, तर ही वेळच आली नसती.