गुण आला, पण निदान झालें काय ?

औषधानें गुण आला म्हणजे निदानहि बरोबर ठरलें, अशी आपली सर्वांची समजूत असते. मेंदूच्या एका विकारांत मात्र हीच समजूत घातक ठरते.

मेंदूंत दोन भिन्न रोग कित्येकदां एकाच रूपानें प्रकट होतात. पहिला दाहाचा. यांत शरीराची संरक्षक शक्तिच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा त्यांतील प्रमुख. दुसरा लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट नांवाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. दोहोंतहि हातपाय दुर्बळ होतात, दृष्टि अंधुक होते, स्मृति बिघडते.

कांहीं खुणा उपयोगी पडतात. मल्टिपल स्क्लेरोसिस बहुधा विशी ते चाळिशींत, तर लिम्फोमा साठीच्या सुमारास दिसूं लागतो. शिरेंतून औषध टोचून घेतलेल्या एम. आर. आय. चित्रांत लिम्फोमाची गांठ बहुधा सबंध उजळते. दाहाचा मोठा डाग पुष्कळदां अर्धवट कड्यासारखा दिसतो. मणक्यांतील पाण्यांत कधीं कर्कपेशीहि सांपडतात. पण त्या न सांपडल्या म्हणून लिम्फोमा नाहींच, असें म्हणतां येत नाहीं.

खरी फसगत होते ती स्टेरॉइडामुळें. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिझोन दिलें. तेव्हांपासून दाह शमविण्याविषयीं या औषधांची कीर्ति आहे. परंतु तीं लिम्फोमाच्या पेशीहि मारतात. त्यामुळें गांठ थोड्याच दिवसांत चित्रांतून नाहींशी होऊं शकते. रोगी चालूं-बोलूं लागतो, घरचीं माणसें निश्चिंत होतात. आणि कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं रोग परततो. म्हणूनच डॉक्टर तिला ‘घोस्ट ट्यूमर’, म्हणजे भुताटकीची गांठ म्हणतात. मधल्या काळांत मेंदूचा तुकडा काढून तपासला, तरी सूक्ष्मदर्शकाखालीं नुसता दाहच दिसावा, असेंहि घडतें.

म्हणून लिम्फोमाची शंका असेल व जिवास तत्काळ धोका नसेल, तर आधीं तुकडा तपासावा, मग स्टेरॉइड द्यावें, असा दंडक आहे. मेंदूवरील दाब वाढून प्राणांवर बेतलें असेल, तर मात्र थांबतां येत नाहीं. लिम्फोमा ठरल्यास मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेनें देतात, आणि त्यानें कित्येकांस पुढें अनेक वर्षें आयुष्य लाभतें. दाहाचे उपचार अगदीं निराळे.

घरच्यांचें कर्तव्य इतकेंच : पूर्वीं स्टेरॉइड केव्हां व किती दिलें, हें डॉक्टरांस तारखेनिशीं सांगावें, चालू असलेलें स्टेरॉइड आपल्या मतानें एकदम बंद करूं नये, आणि गुण आल्यावरहि पुढील तपासणी चुकवूं नये.